फरशी कापताना पाणी चालू ठेवा

लादी, ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याच्या कामात आपल्या वस्त्यांतले पुष्कळ तरुण आहेत. कोणी नाक्यावरून रोजाने जातो, कोणी मिस्त्रीच्या हाताखाली हेल्पर आहे, कोणी आता स्वतः ठेके घेतो. कटर मशीन कसे चालवायचे हे यांपैकी बहुतेकांना कोणी बसवून शिकवलेले नसते. मिस्त्री कसे धरतो ते पाहायचे आणि आपणही तसेच धरायचे, एवढेच प्रशिक्षण. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधपाण्याऐवजी या मशीनबद्दल लिहीत आहे.

दगड किंवा टाइल सुकी कापली की पांढऱ्या धुरळ्याचा लोट उठतो. डोळ्यांना दिसणारा धुरळा जाड असतो. तो नाकाघशात अडकतो आणि शेंबडाबरोबर, थुंकीबरोबर बाहेर पडतो. खरा घातक धुरळा दिसतच नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. कापणे संपले म्हणून तोंडावरचा रुमाल खाली ओढून चहा प्यायला तिथेच बसणे, म्हणजे तोच धुरळा चहाबरोबर घेणे.

या धुरळ्यात सिलिका असते, म्हणजे गारगोटीत असतो तोच पदार्थ. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण पाव भाग किंवा त्याहून जास्त असते. संगमरवरात बरीच कमी असते. टाइलमध्येही असते. सर्वांत जास्त असते ती स्वयंपाकाच्या ओट्यासाठी कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या पाटीत, ९० टक्क्यांच्याही वर. ऑस्ट्रेलियात अशा पाट्या कापणाऱ्या तरुण कामगारांची फुफ्फुसे इतकी खराब निघाली की १ जुलै २०२४ पासून त्या देशाने हा दगड वापरण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे नव्या फ्लॅटमध्ये तोच दगड हौसेने बसवला जातो, आणि तो कापणारा पोरगा गॅलरीत धुळीच्या ढगात बसलेला असतो.

सिलिकेचा कण फुफ्फुसात गेला की शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, कण मोकळा होतो, पुन्हा दुसऱ्या पेशी त्याला गिळतात. या झटापटीत फुफ्फुसावर व्रण पडत जातात आणि स्पंजासारखे मऊ फुफ्फुस कडक होते. हाच सिलिकोसिस. तो साधारणपणे दहा-पंधरा वर्षांनी वर येतो, पण धूळ फार असेल तर काही वर्षांतच दिसतो. एकदा पडलेला व्रण कोणत्याही औषधाने जात नाही. काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. अशा माणसाला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या कैक पट असतो, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचाही वाढतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय पाणी हाच आहे. पात्याच्या धारेवर पाणी पडत राहिले की धूळ उडण्याआधीच भिजते आणि चिखल होऊन खाली वाहते. पाते थंड राहते, टाइलची कड कमी उडते. टेबलावरच्या वॉटर कटरमध्ये खाली पाण्याचा ट्रे असतो आणि त्यात एक छोटा पंप. पंप पाणी वर पात्यावर सोडतो. मशीन सुरू केल्यावर पात्याच्या दोन्ही बाजूंना पाणी पोहोचले की नाही हे पाहावे, मगच टाइल पुढे सरकवावी. पंप पाण्यात पूर्ण बुडालेला हवा. पाणी कमी झाले तर हात थांबवून आधी पाणी भरावे. ‘एवढा एकच तुकडा आहे’ म्हणून सुके कापू नये. दिवसभरात असे एकेक तुकडे किती होतात ते कामगारालाच माहीत.

टाइलची चकचकीत बाजू वर ठेवावी, ती पट्टीला नीट टेकवावी आणि दाब न देता सावकाश सरकवावी. जोर लावावा लागत असेल तर पाते बोथट झाले आहे असे समजावे. जोराने ढकललेली टाइल अडकते, फुटते आणि हात पुढे जातो. लहान तुकडा बोटांनी धरून कापू नये, लाकडाच्या पट्टीने ढकलावा. हातात धरायच्या चार इंची मार्बल कटरचे पाते मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारते. म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतो. या वेगाने उडालेली कपची डोळा फोडू शकते, म्हणून चष्मा हवाच. नजरेचा चष्मा त्यासाठी पुरेसा नाही, बाजूंनी बंद असलेला हवा. कानात बोळे घालावेत. ढगळ बाही, गळ्यातला गमछा, मनगटातला दोरा पात्याजवळ नको. सुती हातमोजेही नकोत, पाते ते ओढून घेते. कापलेल्या टाइलची धारदार कड उचलताना मात्र मोजे घालावेत.

आता विजेबद्दल. पाणी आणि वीज एकत्र आली की इथे माणूस जागीच जाऊ शकतो. सुक्या कामासाठी बनवलेल्या साध्या कटरवर हेल्परने बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाणी ओतत राहायचे, ही पद्धत सगळीकडे दिसते. धूळ कमी होते हे खरे, पण ते पाणी उडून मोटरच्या फटींत जाते. पाण्याची नळी जोडायची सोय कंपनीनेच दिलेली असेल तेच मशीन ओले वापरावे. नाहीतर सरळ काप हातकटरवर घ्यावेत. टाइलवर चीर पाडून दांडा दाबला की तुकडा मोडतो, त्यात वीजही नाही आणि धूळही जवळजवळ नाही. साध्या सिरॅमिक टाइलचे निम्मे काम त्यावर भागते, तरी तो कामावर न्यायचा कंटाळा करतात.

साइटवर प्लग नसतो म्हणून वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये खोचून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करतात. ओल्या मशीनसाठी तर हे मुळीच चालणार नाही. तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंगची जाड पिन कापू नये. बोर्डात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वळली की ती क्षणात पुरवठा तोडते. ३० मिलिअँपिअरची घ्यावी आणि काम सुरू करण्यापूर्वी तिचे ‘टेस्ट’ बटण दाबून पाहावे. बटण दाबल्यावर ती पडली पाहिजे. वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोळ सोडावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकते, प्लगमध्ये शिरत नाही. पायात रबरी बूट घालावेत. कोणाला झटका बसलाच तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा, मग १०८ ला फोन करावा. श्वास बंद असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध जोराने दाब देत राहावे.

विहाराच्या फरशीचे काम अनेक ठिकाणी श्रमदानाने होते. तिथे तर मशीन कोणाचे, बोर्ड कोणी जोडला, याचा पत्ता नसतो आणि आजूबाजूला लहान मुले खेळत असतात. वरचे सगळे तिथेही लागू आहे.

मशीनची निगा रोज संध्याकाळची. प्लग काढल्याशिवाय हात लावू नये. ट्रेमधला चिखल रोज काढावा. तो तसाच ठेवला तर पंपाची जाळी तुंबते आणि दुसऱ्या दिवशी पाते सुके फिरते. शिवाय वाळलेला चिखल म्हणजे पुन्हा तीच धूळ. तो ओला असतानाच गोणीत भरावा, मोरीत किंवा गटारात ओतू नये, तिथे तो दगडासारखा बसतो. जमीन झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकणे तर फारच वाईट. पंप स्वच्छ पाण्यात दोन मिनिटे चालवून मगच ठेवावा. पाते लटपटते का, त्याला तडा गेला आहे का, बाण फिरण्याच्या दिशेनेच आहे का, हे पाहावे. पात्यावर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत. पाते चकचकीत होऊन कापेनासे झाले तर जुन्या विटेत दोन-चार काप घ्यावेत, आतले हिऱ्याचे कण पुन्हा उघडे होतात. वायरीवर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नयेत, वायर बदलावी.

पाणी असले तरी तुषारांबरोबर थोडी धूळ उडतेच. रुमाल किंवा गमछा ती अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. कामाचे कपडे कामावरच बदलावेत. ते घरी आणून आपटले की धूळ धुणाऱ्या बाईच्या छातीत जाते. वेगळ्या बादलीत आधी भिजवून मगच धुवावेत.

सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नंतर कोरडा खोकला येतो आणि दुसऱ्या मजल्यावर चढताना दम लागतो. डॉक्टरांकडे गेल्यावर खोकला सांगितला जातो, पण काम काय करतो हे सांगितले जात नाही, आणि पुष्कळदा विचारलेही जात नाही. एक्स-रेवर सिलिकोसिस क्षयरोगासारखा दिसू शकतो. मग क्षयरोगाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात आणि दम तसाच राहतो. उलट, दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून थुंकीची तपासणी टाळू नये. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. ‘मी अमुक वर्षे दगड-टाइल कापतो, सुके कापतो’ हे वाक्य डॉक्टरांसमोर स्वतःहून बोलावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी करून घ्यावी, जुना एक्स-रे जपून ठेवावा. बिडी-सिगारेट या कामाबरोबर अजिबात नको.

वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. फरशी बसवणाराही त्यात येतो. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून घ्यावा. तो देत नसेल तर ग्रामसेवक किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात चौकशी करावी.