भर समुद्रातला मोकळा वेळ

मालवाहू जहाजावरच्या खलाशाला पुढच्या बंदराची ओढ असते. संशोधन जहाजाचे तसे नसते. ते भर समुद्रात ठरलेल्या जागी जाते, थांबते आणि तिथेच डुलत राहते. या जागेला जहाजावरची माणसे ‘स्टेशन’ म्हणतात. विंचवरून, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावरून, उपकरणे पाण्यात सोडायची, चार-पाच किलोमीटर खोलवरून ती वर ओढायची, पाण्याचे आणि गाळाचे नमुने काढून घ्यायचे आणि पुढच्या स्टेशनाची वाट धरायची. एकेका खोल फेरीला तीन-चार तास सहज जातात. महिना-दोन महिने हेच चालते. वादळे कधीतरी येतात, कंटाळा मात्र रोजचा असतो. त्यामुळे डिझेल आणि धान्याइतकाच माणसांच्या मनाचा विचारही निघण्यापूर्वी करावा लागतो.

त्यातच या जहाजावर दोन तऱ्हेची माणसे राहतात. शास्त्रज्ञांची तुकडी एका मोहिमेपुरती येते. वर येणारा प्रत्येक नमुना ही तिच्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या कामाची शिदोरी असते. खलाशी, इंजिनवाले, भंडारी हे जहाजाचेच. एक तुकडी उतरून दुसरी चढते, तरी ते तिथेच असतात. शास्त्रज्ञ ज्या गाळाकडे डोळे लावून बसतात, तो खलाशाच्या लेखी डेकवरून पाइप मारून धुवून काढायचा चिखल असतो. या दोघांतले अंतर वाढले की जहाजाचे वातावरण बिघडते आणि हा अनुभव सागरविज्ञानाच्या पहिल्या मोठ्या मोहिमेइतका जुना आहे.

ब्रिटिश नौदलाचे ‘चॅलेंजर’ डिसेंबर १८७२ मध्ये निघाले आणि सुमारे ६८,८९० सागरी मैल फिरून मे १८७६ मध्ये परतले. सुरुवातीला तळ खरवडणारी जाळी वर येऊ लागली की हातातले काम टाकून सगळे डेकवर धावत, असे मोहिमेतले निसर्गशास्त्रज्ञ हेन्री मोझली यांनी लिहून ठेवले आहे. हळूहळू गर्दी ओसरली. पुढे पुढे तर जाळी नेमकी जेवणाच्या वेळी आली की शास्त्रज्ञांच्याही जिवावर येई. ज्यांनी तासन्‌तास दोर ओढायचा त्या खलाशांची गोष्ट तर बोलायलाच नको. निघताना जहाजावर सुमारे २४० माणसे होती. त्यांतली साठेक वाटेतल्या बंदरांवर पळून गेली. अधिकाऱ्यांच्या दालनात रॉबर्ट नावाचा एक पोपट होता. दोन हजार फॅदम दोर सोडला तरी तळ लागत नाही, ही नित्याची तक्रार त्याला तोंडपाठ झाली होती.

मनोरंजनाची खरी कसोटी ध्रुवीय बर्फात लागली. जवळपास एकाच काळातल्या दोन जहाजांची कहाणी त्या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. फ्रित्याफ नान्सेन यांचे ‘फ्राम’ १८९३ मध्ये नॉर्वेहून निघाले ते मुळी बर्फात अडकण्यासाठीच. गोठलेल्या समुद्राबरोबर वाहत जाऊन आर्क्टिकमधला प्रवाह सिद्ध करायचा होता. जहाजावर १३ माणसे होती. प्रत्येकाला ठाऊक होते की आपण वर्षानुवर्षे अडकून राहणार आहोत, आणि का राहणार आहोत. बरोबर भरपूर पुस्तके होती, एक ऑर्गन होता आणि डेकवरच्या पवनचक्कीवर चालणारे विजेचे दिवे होते. वाढदिवस आणि १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस मेजवानीने साजरे होत. जहाजाचे स्वतःचे हस्तलिखित वृत्तपत्रही निघे. सगळे एकाच दालनात, एकाच प्रकारचे जेवण जेवत. एवढे करूनही कंटाळा आलाच. खुद्द नान्सेन यांच्या रोजनिशीत उदासीची पानेच्या पाने आहेत. पण सप्टेंबर १८९६ पर्यंत तेराही जण धडधाकट मायदेशी पोहोचले होते.

आद्रियाँ द जेर्लाश यांच्या नेतृत्वाखालील ‘बेल्जिका’ ही बेल्जियमची वैज्ञानिक मोहीम १८९७ मध्ये अंटार्क्टिकाकडे गेली. मार्च १८९८ पासून जवळपास वर्षभर हे जहाज बर्फात रुतून बसले. तिथे हिवाळा काढायला बहुतेकांची संमती नव्हती, पुरेसे गरम कपडेही नव्हते. मे महिन्याच्या मध्यावर सूर्य मावळला तो दोन महिन्यांहून अधिक काळ उगवलाच नाही. डबाबंद अन्नामुळे स्कर्व्ही पसरली, एक अधिकारी हृदयविकाराने गेला, एक खलाशी भ्रमिष्ट झाला. जहाजाचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी तेव्हा जे उपाय केले, ते कुठल्याच वैद्यकाच्या पुस्तकात नव्हते. रोग्याला उघड्या अंगाने धगधगत्या शेगडीसमोर तासभर बसवायचे, बर्फावर जहाजाभोवती फेऱ्या मारायला लावायचे आणि पेंग्विन व सीलचे ताजे मांस खायला घालायचे. हे मांस कॅप्टनच्या घशाखाली उतरत नव्हते, तरी शेवटी या मांसानेच बऱ्याच जणांना वाचवले. करमणूक म्हणून मासिकांतल्या स्त्रियांच्या चित्रांवर मते मागवून सौंदर्यस्पर्धाही झाली. अंधारात बसलेल्या माणसांना वादाला काहीतरी विषय हवाच होता. ‘फ्राम’वरच्या ऑर्गनचे कौतुक नेहमी होते, पण दोन्ही जहाजांतला खरा फरक ऑर्गनचा नव्हता. एकीकडची माणसे सगळे माहीत असून आली होती आणि दुसरीकडची अडकवली गेली होती.

आजच्या जहाजावर घड्याळच उलटेपालटे झालेले असते. ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या सागरतळात छिद्रे पाडणाऱ्या अमेरिकी जहाजाने १९८५ ते २०२४ या काळात जगभर गाळाचे आणि खडकांचे नमुने काढले. २०१५ मध्ये पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या आताच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातले धनंजय पांडे यांच्या नेतृत्वाखाली त्याने अरबी समुद्रात काम केले. ती मोहीम कोलंबोहून निघून दोन महिन्यांनी मुंबईत संपली. या जहाजावर शास्त्रज्ञांची पाळी बारा तासांची असे आणि सुट्टी नसे. कुणी दुपारी बाराला कामावर चढे, कुणी रात्री बाराला. एकाच टेबलावर एकाचे रात्रीचे जेवण आणि दुसऱ्याची न्याहारी चाललेली असे. शेजारच्या खोलीत कायम कुणीतरी झोपलेले असल्यामुळे गाणे-बजावणे कुठेही, केव्हाही करता येत नसे. सिनेमाची खोली, व्यायामशाळा आणि काम नसताना मोकळा असलेला हेलिकॉप्टरचा तळ, एवढाच फेरफटक्याचा मुलूख.

अशा दिवसांत जेवणाला भलतेच महत्त्व येते. दोन-तीन आठवड्यांत पालेभाज्या आणि फळे संपत येतात, मग कांदा, बटाटा, कोबी. स्वयंपाकघराने रविवारचे काही वेगळे ठेवले तर आज रविवार आहे हे तरी कळते. जहाजावरची कुरबुर बहुधा ताटापासून सुरू होते, हे अनुभवी कॅप्टन जाणून असतात. मद्याबाबत मात्र देशोदेशी वेगळी रीत आहे. अमेरिकी संशोधन जहाजांवर दारूला बंदी असते, तर जर्मनीच्या ‘पोलारश्टेर्न’वर ‘झिलरटाल’ नावाचा बारच आहे. हेच जहाज २०१९-२० मध्ये ‘मोझाइक’ मोहिमेसाठी आर्क्टिकच्या बर्फाबरोबर वाहत गेले. त्याच्या पोटात पोहण्याचे छोटे तळे आणि सौनाही आहे.

खेळही जहाजाच्या डुलण्याशी जुळवून घेतात. टेबल टेनिसचा चेंडू आणि खेळणाऱ्याचे पाय यांचे जमतेच असे नाही. कॅरमवर सोंगट्या आपोआप एका बाजूला सरकू लागल्या की डाव मोडतो. पत्ते आणि बुद्धिबळ टिकून आहेत ते म्हणूनच. सागरी संशोधनाचा म्हणून एक खास खेळ आहे तो थर्माकोलच्या पेल्याचा. साध्या चहाच्या पेल्यावर न पुसणाऱ्या शाईने चित्र काढायचे, नाव घालायचे, तो चुरगळू नये म्हणून आत कागद कोंबायचा आणि जाळीच्या पिशवीत घालून उपकरणाबरोबर खाली सोडायचा. चार हजार मीटरवर दाब वातावरणाच्या सुमारे चारशेपट असतो. थर्माकोलमधली हवा पिळून निघते आणि पेला अंगठ्याएवढा होऊन वर येतो. त्यावरची अक्षरे मात्र वाचता येतात, नुसती बारीक झालेली. हा पेला करायला प्रयोगशाळा लागत नाही की पदवी. इंजिनखोलीतला माणूस आपल्या मुलांच्या नावाचे पेले विंचवाल्याकडे देतो आणि ते वर येण्याची वाट पाहत डेकवर उभा राहतो, शास्त्रज्ञांच्या शेजारी.

विषुववृत्त ओलांडण्याचा समारंभही जुना. फेब्रुवारी १८३२ मध्ये ‘बीगल’वर तरुण चार्ल्स डार्विनच्या तोंडाला रंग आणि डांबर फासून त्याला पाण्यात ढकलले होते. अजूनही नेपच्यून राजाचा दरबार भरतो, नवख्यांना शिक्षा सुनावल्या जातात, प्रमाणपत्रे वाटली जातात. फरक इतकाच की आता नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती करायची नसते. एरवी पदाने खाली असलेला जुना खलाशी त्या दिवशी न्यायाधीश होतो आणि मुख्य शास्त्रज्ञ आरोपी.

शास्त्रज्ञ आणि खलाशी यांच्यातले अंतर साध्या बोलण्यानेही कमी होते. जिथे मुख्य शास्त्रज्ञ दर आठवड्याला सगळ्यांसाठी, अगदी भंडाऱ्यासाठीसुद्धा, चार सोप्या वाक्यांत काय सापडले ते सांगतो, तिथे खलाशी विंच थांबवून ‘खाली काहीतरी अडकले वाटते’ असे आपणहून कळवतात. हे सांगणे वेळापत्रकात दाखवता येत नाही, म्हणून अनेकदा राहूनच जाते.

कायद्यानेही खलाशांच्या विश्रांतीची आणि करमणुकीची दखल घेतली आहे. व्यापारी जहाजांसाठीच्या २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायला हवी. करमणुकीच्या सोयींचाही त्यात समावेश आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातल्या २०२२ च्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या आणि जहाजावर इंटरनेटची सोय हाही खलाशांच्या सोयीसुविधांचा भाग ठरला.

या सोयीने जहाजावरची संध्याकाळ बदलली आहे. पूर्वी उपग्रहाच्या महागड्या जोडणीवरून चार ओळींची ई-मेल जाई. आता खोलीतून घरी व्हिडिओ कॉल लागतो. आजारी आईची खबर, मुलाचा निकाल त्याच दिवशी कळतो आणि आठ-नऊ महिने घराबाहेर असणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो. पण वाईट बातमीही तितक्याच वेगाने येते, अन् इथून कुणाला उठून जाता येत नाही. मेसमधली पत्त्यांची बैठक पातळ होते, पाळी संपवून आलेला माणूस फोनवर दोन तास घालवून तेवढीच झोप गमावतो. म्हणून काही जहाजांवर जेवणाच्या टेबलावर फोन आणू नयेत असा संकेत असतो, तर काहींवर आठवड्यातली एक रात्र ठरवून सिनेमाला किंवा पत्त्यांना दिलेली असते.