तीन पृथ्व्यांचा संसार

आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं सहा मजल्यांची इमारत उभी करावयाचें ठरलें, तेव्हां चौकांतील आड बुजविण्याच्या कागदावर इतर भाऊबंदांप्रमाणें आम्हींहि सही केली. आज आडाच्या जागीं मोटारी उभ्या असतात, आणि वैशाख लागला कीं पाण्याचा टँकर फाटकाशीं येतो. दोष बांधणाऱ्याच्या माथीं मारणें सोपें आहे. परंतु सही आमची होती. तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला आहे : शहराच्या दाट वस्तींत, आधुनिक सोयींसह राहूनहि, सृष्टीवर भार न घालतां संसार करतां येईल काय ? हा प्रश्न नुसत्या तर्कानें सुटणारा नव्हे. ज्यांनीं तसा प्रयोग केला आणि त्याचें मोजमापहि प्रामाणिकपणें प्रसिद्ध केलें, त्यांजकडेच उत्तर मागितलें पाहिजे. असा एक प्रयोग लंडन शहराच्या दक्षिण भागांत झाला आहे. त्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

लंडनमधील सटन विभागांत, सांडपाण्याच्या जुन्या कारखान्यालगतच्या पडीत जमिनीवर, २००२ सालीं एक वसाहत बांधून पुरी झाली. ‘बेडिंग्टन झीरो एनर्जी डेव्हलपमेंट’ असें तिचें लांबलचक नांव असून लोक तिला ‘बेडझेड’ म्हणतात. बिल डन्स्टर हे तिचे स्थापत्यकार. पर्यावरणाचें कार्य करणारी ‘बायोरीजनल’ ही संस्था, आणि १८६२ सालीं गरिबांच्या निवासाकरितां स्थापन झालेला ‘पीबॉडी ट्रस्ट’, यांनीं हें काम अंगावर घेतलें. सुमारें शंभर घरें व त्यांस लागूनच कामकाजाच्या जागा, एवढाच तिचा विस्तार. कांहीं घरें पूर्ण किमतीस विकलीं, तर कांहीं बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांस भाड्यानें दिलीं. म्हणजे ही केवळ धनिकांची हौस नव्हती.

त्या थंड देशांत सूर्य आकाशांत दक्षिणेच्या अंगानें खालून फिरतो. म्हणून राहण्याच्या खोल्या दक्षिणाभिमुख ठेवून त्यांच्यापुढें कांचेच्या पडव्या काढल्या. कचेऱ्यांत माणसांची व यंत्रांची ऊब आपोआप सांठते, म्हणून त्या उत्तरेस घातल्या. भिंतींच्या पोटांत सुमारें एक फूट जाडीचा उष्णतारोधक थर भरला, आणि खिडक्यांस तिहेरी कांचा बसविल्या. छपरांवर रंगीत टोप आहेत. ते वाऱ्यासरशी फिरतात, ताजी हवा आंत घेतात, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आंत येणाऱ्या हवेस देतात. त्यांस विजेची गरज लागत नाहीं. बांधकामाचें सामान होईल तितकें जवळपासच्या मुलखांतून आणलें, आणि जुनें लोखंडहि पुन्हां वापरलें. वीज व पाणी मोजणारे मीटर स्वयंपाकघरांत, डोळ्यांसमोर बसविले. किती खर्च होतो हें रोज दिसूं लागलें म्हणजे हात आपोआप आखडतो, हें गृहिणींस निराळें सांगावयास नको.

२००७ सालच्या मोजणींत फळ दिसून आलें. त्या विभागांतील सामान्य घरांच्या मानानें येथें उष्णतेसाठीं लागणारी ऊर्जा शेंकडा ८१ नें व वीज शेंकडा ४५ नें कमी लागली. सामाईक मोटारींच्या सोयीमुळें स्वतःच्या मोटारीवांचून पुष्कळांचें भागूं लागलें. आणखी एक आंकडा आम्हांस या सर्वांहून मोलाचा वाटतो : येथील रहिवासी सरासरीनें वीस शेजाऱ्यांस नांवानें ओळखत होता.

आतां उलट बाजू. लांकडाच्या ढलप्यांवर वीज व ऊन पाणी पुरविणारें एक यंत्र वसाहतीसाठीं बसविलें होतें. तें वारंवार बिघडूं लागलें, २००५ सालीं बंद झालें, आणि पुढें वायूच्या बंबावर काम भागवावें लागलें. वनस्पतींच्या साहाय्यानें सांडपाणी शुद्ध करण्याची योजनाहि खर्चाच्या व देखभालीच्या ओझ्यानें थांबली. जाड भिंत मात्र कधीं बिघडली नाहीं, आणि सूर्यानें रजा घेतली नाहीं. ज्या साधनास रोज सांभाळणारा जाणता मनुष्य लागतो, तें साधन लहान वसाहतीनें फार विचार करून पत्करावें, हा येथील पहिला बोध.

दुसरा बोध याहून खोल आहे. एका मनुष्याच्या खाण्या-पिण्यास, राहण्यास व प्रवासास किती जमीन-पाणी लागतें याचा हिशेब त्या लोकांनीं केला. ब्रिटनमधील सर्वसाधारण मनुष्याप्रमाणें सारें जग राहूं लागलें, तर सुमारें तीन पृथ्व्या लागतील. बेडझेडमधील सामान्य रहिवाशाच्या रीतीनें राहिल्यास अडीचांहून थोड्या अधिक, आणि तेथील अत्यंत दक्ष रहिवाशाच्या रीतीनेंहि दीडाहून अधिक ! कारण घर कितीहि उत्तम असलें तरी मालक विमानानें प्रवास करतो, दूरदेशींचें अन्न खातो. आणि रस्ते, शाळा, रुग्णालयें यांचा भार तर सर्वांवर सारखाच असतो. घर अर्धें काम करतें. उरलेलें अर्धें घरांतील माणसांचें असतें.

हें वाचून कोणी म्हणेल, मग आमचे वाडेच काय वाईट होते ? एक चूल, एक दिवा, जाड भिंती, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. त्या संसारास एक पृथ्वी पुरत होती. हें खरें. परंतु पहाटे आडाचें पाणी शेंदून कोणाच्या तळहातांस घट्टे पडले, आणि चुलीच्या धुरानें कोणाचे डोळे गेले, हें विसरून ती स्तुति करणें अन्यायाचें होईल. ती काटकसर बहुतांशीं घरांतील स्त्रियांच्या अंगमेहनतीवर उभी होती. ती परत आणावी असें आम्ही म्हणणार नाहीं. अपरिग्रह हवा, पण त्याचें ओझें सर्वांनीं वांटून घेतलेलें हवें.

बेडझेडची नक्कल आपणांस करावयाची नाहीं. त्यांस ऊब कोंडावयाची आहे, आपणांस ती अडवावयाची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यांत गच्ची व पश्चिमेची भिंत तापते. तेथें सावली, झाड, पडवी हवी. मोकळी हवा एका बाजूनें येऊन दुसरीनें जावयास हवी. गच्चीवरील पावसाचें पाणी गटारांत न जातां जमिनींत मुरावयास हवें, आणि ओला कचरा आवारांतच कुजवून त्याचें खत व्हावयास हवें. आज घरोघरीं पुनर्बांधणीचे कागद सहीसाठीं येत आहेत. खोली किती फूट वाढेल एवढेंच विचारून आपण थांबतों. पाणी कोठून येईल व कोठें जाईल, ऊन कोणत्या भिंतीवर पडेल, हें विचारीत नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं.

बुजविलेल्या आडाच्या जागीं मोठा शोषखड्डा घेऊन गच्चीचें पाणी त्यांत सोडावें, असा ठराव आम्हीं यंदा सोसायटीच्या सभेपुढें मांडला. एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर, एका मोटारीची जागा जाईल.” जाईल खरी, आणि ती आमच्याच मुलाच्या मोटारीची आहे. त्यास विचारलें. तो क्षणभर थांबला, आणि ठरावाखालीं पहिली सही त्यानें केली.