क्रोमियमचा जमाखर्च

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजा. एकीत पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी स्फटिक, तर दुसरीत क्रोमियम सल्फेटची हिरवी पूड. दोन्हींत क्रोमियम हे मूलद्रव्य आहेच. पण पहिली बाटली फार जपून हाताळावी लागते. डायक्रोमेटसारखी क्रोमियमची संयुगे कर्करोगाला कारणीभूत होतात, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केला. हिरव्या संयुगांवर तिने तसा ठपका ठेवलेला नाही. मग फरक कशात आहे? तो आहे क्रोमियमच्या ऑक्सिडीकरणांकात. हा अंक तुम्हालाही कागद-पेन्सिल घेऊन काढता येईल.

नियम थोडेच आहेत. मुक्त मूलद्रव्याचा अंक शून्य. संयुगात पोटॅशियमचा अंक +१ आणि ऑक्सिजनचा बहुधा −२ असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मात्र तो −१ असतो. संयुगातील सर्व अणूंच्या अंकांची बेरीज शून्यच यायला हवी. जमाखर्च जुळलाच पाहिजे!

आता डायक्रोमेट घेऊ. त्याच्या सूत्रात पोटॅशियमचे २, क्रोमियमचे २ आणि ऑक्सिजनचे ७ अणू असतात. ऑक्सिजनचे झाले −१४, पोटॅशियमचे +२. तूट राहिली १२ ची. ती क्रोमियमच्या दोन अणूंनी भरून काढायची, म्हणजे प्रत्येकाचा अंक +६. क्रोमियम सल्फेटमध्ये −२ भाराचे ३ सल्फेट गट आणि क्रोमियमचे २ अणू असतात. म्हणून येथे क्रोमियमचा अंक +३.

हा अंक म्हणजे अणूवरचा खरा विद्युतभार नव्हे. इलेक्ट्रॉनांचा हिशेब ठेवण्याची ती एक सोय आहे. पण मोठ्या कामाची! क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात +६ अंकाचे क्रोमियम असते. ते निर्धोक करण्याच्या एका पद्धतीत फेरस सल्फेट वापरतात. लोहाचा अंक +२ चा +३ होतो, म्हणजे प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो. हे लोहाचे ऑक्सिडीकरण. क्रोमियमला +६ वरून +३ वर यायला तीन इलेक्ट्रॉन लागतात. हे त्याचे क्षपण. तेव्हा क्रोमियमच्या एका अणूमागे लोहाचे निदान तीन अणू हवेत. हिशेब चुकून ते कमी पडले, तर विष पाण्यातच राहील! पुढे चुना घातला, की +३ अंकाचे क्रोमियम हायड्रॉक्साइडच्या रूपात तळाशी बसते व वेगळे काढता येते.

आता तुमची पाळी. पोटॅशियम परमँगनेटच्या सूत्रात पोटॅशियमचा १, मँगॅनीजचा १ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. मँगॅनीजचा अंक किती? उत्तर काढा आणि बेरीज शून्य येते का, ते स्वतःच ताडून पाहा.