मालकीच्या रानातली वनविद्या

रत्नागिरी जिल्ह्यात झाडी डोळ्यांत मावणार नाही इतकी आहे, पण सरकारी जंगल मात्र शोधावं लागतं. दापोलीहून बुरोंडीकडे उतरताना दोन्ही अंगांना दिसणारं रान बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं असतं. एकेका गटाला भाऊबंदांची डझनभर नावं, त्यांतले कितीतरी मुंबईत. वनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जंगलाचा मालक सरकार असतं, राखण वनरक्षक करतो आणि तोडीचं वेळापत्रक वनखातं आखतं. इथे यातलं काहीच जमेला धरता येत नाही. त्यामुळे कोकणाची वनविद्या मालकाच्या अंगणातूनच सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आजवर ती कशी वाढली, याचा हा आढावा.

सुरुवात एका डॉक्टरपासून करावी लागते. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश शल्यवैद्य. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचा तो प्रमुख होता आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्याने कोकणातल्या फिरतीवर पाहून सरकारला लिहून कळवलं होतं. निकोल डाल्झेलबरोबर त्याने केलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १८६१ मध्ये निघाली. या डाल्झेलचं नाव आजही कोकणच्या सड्यांवर आहे. पहिल्या पावसात कातळावर पांढऱ्या फुलांचे तुरे काढणाऱ्या दीपकाडीचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याचंच. पुढे थिओडोर कुकचे खंड १९०१ ते १९०८ या काळात आले, आणि पाठोपाठ वनाधिकारी टॅलबट याने खास वनवृक्षांवर लिहिलेले दोन खंड. झाड ओळखताना अडलं की अभ्यासक अजूनही या जुन्या पुस्तकांकडे वळतात.

पण ओळखणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला, १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली, १९०६ मध्ये तिथेच संशोधन संस्था उभी राहिली. या सगळ्या विद्येची नजर रेल्वेच्या स्लीपरांवर आणि सागाच्या ओंडक्यांवर होती. कोकणच्या शेतकऱ्याला झाडाकडून हवा होता तो राब, म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजायला लागणाऱ्या फांद्या आणि पाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, रयत बिथरली, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. कोकणातल्या वनप्रश्नावर एवढ्या तपशिलात झालेली ती पहिली चौकशी म्हणता येईल, आणि ती सुरू झाली भाताच्या रोपांवरून.

राबाचं झाड एकदा जवळून पाहावं. ऐन किंवा किंजळ, बुंधा खांबासारखा सरळ, अंगभर जुन्या घावांच्या गाठी आणि टोकाला तेवढा पानांचा झुपका. दरवर्षी कवळ तोडल्यामुळे त्याला धड फुलोरा येत नाही आणि बीही धरत नाही. झाड जगतं, पण त्याचा वंश वाढत नाही. कृषी विद्यापीठाने राबाऐवजी गिरिपुष्पाचा हिरवा पाला शेतात गाडायची शिफारस केली, बांधाबांधांवर ते लागलंही. आता मनुष्यबळच उरलं नाही, म्हणून भाजावळ आपसूक कमी झाली आहे.

रानाची खरी गोष्ट मात्र जळाऊ लाकडाची आहे. खोती होती तोवर डोंगर खोताचा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, जमिनी वाटल्या गेल्या, आणि वरकस रान घराघराच्या वाट्याला आलं. लग्न, आजारपण, घराचं छप्पर, काहीही निघालं की ठेकेदाराला बोलावून रान उभं विकायचं, ही रीत तिथून पक्की झाली. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस अशी झाडं अनुसूचित आहेत, त्यांना परवानगी लागते. परवानगी मिळते. दहा-पंधरा वर्षांनी तोच डोंगर पुन्हा विकला जातो. मधल्या काळात थोटांना फुटवे येतात, पहिल्या पावसाळ्यात एकेका थोटावर डझनभर, मग त्यांतले दोन-तीन जोर धरतात. लांबून पाहणाऱ्याला डोंगर हिरवागारच दिसतो.

अभ्यासकाने फसायचं ते इथेच. फुटव्याचं रान आणि बियांतून आलेलं रान यांचा हिरवा रंग एक असला तरी आतला संसार निराळा. साग, ऐन, किंजळ, कुंभा ही झाडं घाव सोसून पुन्हा उठतात, म्हणून प्रत्येक तोडीनंतर त्यांचंच प्रमाण वाढतं. मोठ्या बियांची आणि सावलीत रुजणारी झाडं, ज्यांची फळं धनेशासारखे पक्षी गिळून दूर नेतात, ती हळूहळू गळतात. शिवाय धनेशाला घरट्यासाठी ढोली लागते, आणि ढोली धरण्याइतका बुंधा पंधरा वर्षांच्या फुटव्याला कुठून असणार? जुना बेहडा हे असं ढोलीचं झाड. संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या बाजूला अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने मालकांशी बोलून अशी झाडं उभी ठेवण्याचं काम केलं आहे. बेहड्याची फळं औषधी बाजारात रास्त भावाने गेली तर झाड तोडण्यापेक्षा राखणं परवडतं, हा त्यामागचा हिशेब. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो मालकाच्या खिशातून जातो.

मूळ रान कसं होतं याची साक्ष देवरायांत मिळते. माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर सत्तरच्या दशकात लिहिलेले निबंध जगभर वाचले गेले. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे गावी गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढणाऱ्या दुर्मीळ रानजायफळाची राई सापडली, तीही देवाच्या नावाने राखलेलीच. रत्नागिरीच्या बऱ्याच रायांत आज देवळाचा जीर्णोद्धार म्हणून मोठाली झाडं जातात आणि भोवती फरशी येते. ग्रामदेवतेवर श्रद्धा असलेल्यांनीच हे थांबवायला हवं, बाहेरच्याने सांगून कुणी ऐकत नाही.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, आणि वनशास्त्राची पदवी तिथे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून मिळू लागली. फळझाडांत या विद्यापीठाने जे केलं ते घराघरात माहीत आहे. रानातल्या झाडाला शास्त्राने हात लावला की काय होतं, याचा माझा आवडता दाखला कोकमाचा. रातांब्याची नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावून सात-आठ वर्षं वाट पाहायची आणि मग कळायचं की निम्मी झाडं नर निघाली. मृदुकाष्ठ कलमाने हा जुगार संपला. त्यातही काडी कुठली घेता याला महत्त्व. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जमिनीलगत पसरत जातं, सरळ वाढणाऱ्या शेंड्याची बांधली तर झाड उंच होतं. ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती याच विद्यापीठाच्या. पण याच काळात, १९९० नंतर, रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळालं आणि वरकस डोंगर साफ होऊन आंबा-काजू लागला. घरात पैसा आला आणि रानाचे तुकडे झाले. दोन्ही खरं.

बुरोंडीला समुद्राचीही बाजू आहे. किनाऱ्यावर उंडी, करंज आणि सुरू, खाडीच्या खाजणात तिवर, कांदळ आणि चिप्पी. उंडीचं कडू तेल होडीच्या लाकडाला लावत, आता होड्या फायबरच्या झाल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगड तालुक्यांत माड-पोफळी आडव्या झाल्या, आंबा-फणसाची जुनी झाडं मुळासकट उपटली गेली. पंचनामे झाले ते पडलेल्या झाडांचे. उभी राहिलेली झाडं पंचनाम्यात येत नाहीत. नेमकी तीच अभ्यासायला हवी होती: कुठली, किती खोल मातीत, कशाच्या आडोशाला.

अशा प्रश्नांना वर्षानुवर्षं चालणाऱ्या नोंदी लागतात. तमिळनाडूत मुदुमलईला १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा कायमचा तुकडा आखला गेला. तिथे झाडाझाडाला क्रमांक आहे, ठराविक काळाने तेच खोड पुन्हा मोजतात, आणि कोण वाढलं, कोण मेलं, कोण नव्याने रुजलं हे कळतं. कोकणात सलग ५० हेक्टरांना किती मालक निघतील याचा विचारच करवत नाही. इथे अर्ध्या-अर्ध्या हेक्टराचे पुष्कळ तुकडे लागतील, कुणाच्या तोडलेल्या रानात, कुणाच्या राखलेल्या, एखादा राईत, एखादा खाजणात. काम अवघड नाही. टेप घेऊन छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, घेर मोजायचा, तिथे रंगाची रेघ मारायची आणि वहीत लिहायचं. अवघड आहे ते पुढच्या वीस वर्षांत त्याच मालकाच्या ओटीवर पुन्हा पुन्हा जाऊन बसणं. वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी कार्यानुभव असतो. त्यातले काही महिने असे तुकडे सांभाळण्यात गेले, तर दर वर्षी नवे हात मिळतील आणि वही चालू राहील.

मालकाशी बोलायचं तेही तोडीच्या आधी. रान विकताना ठेकेदाराशी जो कागद होतो, त्यात एकरी पाच-सहा बीजवृक्ष उभे ठेवायचे असं लिहून घेता येतं. दराला थोडी खोट बसेल, पण पुढच्या पंधरा वर्षांत त्या डोंगरावर बी पडत राहील. कुठली पाच ठेवायची, बेहडा की नाणा, उतारावरचा की पऱ्ह्याकाठचा, हे दाखवायला वनशास्त्र शिकलेलं कुणीतरी त्या दिवशी रानात हजर असायला हवं.