दोन मिनिटांचा विमानप्रवास

अंतर थोडें, तर वेळहि त्याच प्रमाणांत थोडा, हा त्रैराशिकाचा हिशेब शाळेच्या पाटीवर नेहमीं जमतो. प्रवासांत तो जमेलच असें नाहीं. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन लहान बेटांमधील विमानमार्ग याचें उत्तम उदाहरण होय.

या दोन बेटांच्या विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर, म्हणजे पावणेदोन मैलांच्या आंतच आहे. एडिंबरोच्या विमानतळाची धांवपट्टीच जवळजवळ इतकी लांब आहे! इ. स. १९६७ मध्यें सुरू झालेला हा मार्ग जगांतील सर्वांत आंखूड नियमित विमानमार्ग म्हणून प्रसिद्ध आहे.

येथील आयलंडर जातीचें लहानसें विमान पूर्ण वेगांत ताशीं सुमारें २४० किलोमीटर, म्हणजे मिनिटास चार किलोमीटर जातें. या हिशेबानें चाळीस सेकंद पुरावेत. वेळापत्रकांत मात्र दोन मिनिटें धरलेलीं असतात, आणि आजवरचा सर्वांत कमी वेळहि ५३ सेकंदांचा आहे. कारण उघड आहे. विमानानें पुरता वेग घेतला न घेतला तोंच तें उतरूं लागतें. धांवणें, चढणें, वेग आवरणें आणि थांबणें यांस लागणारा वेळ अंतर घटलें म्हणून घटत नाहीं. कर्कवॉल या मुख्य गांवापासून वेस्ट्रेपर्यंतचे सुमारें ४४ किलोमीटर तेंच विमान पंधरा मिनिटांत तोडतें. तेथें सरासरी वेग ताशीं १७६ किलोमीटर पडतो, तर येथें केवळ ८१. शिवाय वाऱ्याचा हिशेब निराळाच. ताशीं साठ किलोमीटरचा वारा पाठीशीं असल्यास २४० चे ३०० होतात. तोच समोरून आल्यास १८० च उरतात.

मग इतक्याशा अंतरासाठीं विमान कशाला? खरें पाहतां, तें केवळ या अंतरासाठीं नसतेंच. कर्कवॉलहून निघून बेटांना शिवून परत जाणाऱ्या फेरीचा हा एक लहानसा तुकडा आहे. पापा वेस्ट्रेवर वस्ती जेमतेम ऐंशी-नव्वद माणसांची. मोठें इस्पितळ आणि वरच्या वर्गांची शाळा कर्कवॉललाच. शेजारच्या वेस्ट्रेस बोटीनें जावयाचें, तरी सुमारें पंचवीस मिनिटें लागतात, आणि तींहि समुद्र शांत असेल तर. याच विमानानें शिक्षक शिकवावयास येतात, डॉक्टर तपासावयास येतात आणि रोगी उपचारांस जातात.

म्हणूनच दाट धुकें उतरलें कीं डोळ्यांसमोरचें शेजारचें बेट एकाएकीं दूर जातें. वेळापत्रकांतील दोन मिनिटें तशींच छापलेलीं राहतात. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्यास त्यांचा उपयोग नसतो. बेटावरील मनुष्य अंतर मैलांनीं मोजीत नाहीं. आज जातां येईल काय, आणि सायंकाळीं घरीं परततां येईल काय, या दोन प्रश्नांनींच तो तें मोजतो.