लालबर्र्याहून श्रीनगरला बदली झालीय? मग हे वाचाच

पौषात पहाटे शेकोटीला बसलो की आपल्याला वाटतं, थंडी म्हणजे हीच! पण श्रीनगरात 21 डिसेंबरपासून 40 दिवस ‘चिल्लई कलां’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ. गंमत म्हणजे बर्फ पडतो त्या रात्री गारठा कमीच; ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात. आभाळ निरभ्र झालं की मात्र नळ गोठतात, दल सरोवरावर बर्फाचा पापुद्रा धरतो. फोटोसाठी त्यावर पाय ठेवायचा नाही! 4 अंशांचं जड पाणी तळाशी जातं, म्हणून वरच तेवढं गोठतं. नळ गोठू नये म्हणून रात्री त्याची बारीक धार चालू ठेवा. फेरनमध्ये, म्हणजे लांब सैल झग्यात, धरायची कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) झकास, पण कोळसा पेटता ठेवून बंद खोलीत झोपू नका, विषारी वायूने जीव जातो. जेवणात उन्हाळ्यात सुकवलेली वांगी, दुधी. मला तर ताज्या भाजीपेक्षा तीच आवडतात.