गाठ नसलेला गालिचा

कॅनडाचा अटलांटिक किनारा आणि अमेरिकेतलं न्यू इंग्लंड इथे एकोणिसाव्या शतकात घरोघरी एक गालिचा होऊ लागला. त्याला माग लागत नाही. चौकटीवर ताणलेलं गोणपाट, जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या आणि लाकडी मुठीची आकडी एवढ्यावर भागतं. पट्टी खालून धरायची, वरून आकडी खुपसायची आणि पट्टीचा लूप वर ओढायचा. रिकामी पोती उसवून बायका ती पाया म्हणून वापरत. त्या पोत्यांचा ताग मुळात बंगालचा.

या लूपला गाठ नसते. शेजारचे लूप आणि तागाचे धागे यांच्या दाबानेच तो जागेवर राहतो. त्यामुळे न पटलेली ओळ टोकाला धरून ओढली की निघते आणि तीच पट्टी पुन्हा कामी येते. म्हणजे शेवटची ओळ भरेपर्यंत नक्षी बदलता येते.

बदलण्याची वेळही यायचीच. निळा कोट संपला की आकाशाचा उरलेला भाग राखाडी व्हायचा. गोधडीसारखंच, हाती आलेलं कापड रंग ठरवायचं. पुढे मेन राज्यातल्या बिडफर्डच्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट या फेरीवाल्याने पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर तयार नक्षी छापून विकली. न्यूफाउंडलंडमध्ये डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या मिशनने बायकांना नक्षी आणि साहित्य देऊन विक्रीसाठी गालिचे करवून घेतले. तिथे नक्षी ठरलेली असे. घरच्या गालिच्यात मात्र मुभा राहिली.

या मुभेलाही शिस्त आहे. माप, काठाची रुंदी, सर्वांत गडद आणि सर्वांत फिका रंग हे आधीच ठरवावं. पार्श्वभूमीची लोकर सुरुवातीलाच पुरेशी काढून ठेवावी. नक्षीच्या क्षेत्रफळाच्या साधारण चौपट कापड लागतं. पाव इंची पट्टीला पाव इंच उंच लूप, हा ढोबळ हिशेब. गोणपाटाचं प्रत्येक भोक भरू नये. लूप दाटले की गालिचा वाटीसारखा वर येतो, जमिनीवर सपाट बसत नाही.

बाकीचं काम पुढे गेल्यावर ठरतं. मुख्य आकृती आधी भरावी, रेषेवर नव्हे तर रेषेच्या किंचित आत. नाहीतर पान-फूल फुगतं. मग लगेच तिच्याभोवती पार्श्वभूमीच्या एक-दोन ओळी घालाव्यात. हातात गडद वाटणारा हिरवा, तपकिरी पार्श्वभूमीशेजारी पार विरून जातो, ते इथेच कळतं. चौकट भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून डोळे किलकिले करून पाहावं, किंवा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. फोटोत दोन रंग एकच दिसले तर त्यांचा गडदपणा सारखाच आहे. एक फिका किंवा गडद करायला हवा.

सगळं उसवायची मात्र गरज नसते. अनेकदा आकृतीच्या कडेला एकच फिकी ओळ घातली की ती उठून दिसते. एखादा रंग एकटा पडला, तर त्याच्या दोन-चार पट्ट्या काठात पेराव्यात. पार्श्वभूमी सपाट वाटली, तर जवळच्या दोन-तीन छटा मिसळाव्यात आणि ओळी आकृतीच्या वळणाने न्याव्यात. शेवटी उलट्या बाजूने ओलं कापड ठेवून इस्त्री केली की लहानसहान उंचसखलपणा बसतो. दाटीमुळे आलेला फुगवटा मात्र इस्त्रीने जात नाही, तिथले लूप काढावेच लागतात.

पहिल्यांदा करणार असाल, तर उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा घ्या आणि कागदावरच्या चित्रात फार वेळ घालवू नका. आकृती भरा, लांबून पाहा, खटकलं तर ओढून काढा. या कलेत उसवणं हाही कामाचाच भाग आहे.